हिवरखेडीच्या चर्चचा फोटो

जालना जिल्ह्यात फिरायला म्हणून जाणारं माणूस माझ्या ओळखीत नाही. लोक बियाणं घ्यायला जातात, व्यापाराला जातात, राजूरच्या गणपतीला नवस फेडायला जातात. मी गेले ती फोटो वाटायला. निदान निघताना माझा तसा समज होता.

मी मूळची कराडची. पण मास्तरकीची ऑर्डर आली ती जालना जिल्ह्याची, आणि नोकरीची पहिली तीन वर्षं मी जाफराबादच्या पुढे हिवरखेडी नावाच्या गावात काढली. दोन खोल्यांची शाळा, एक हेडमास्तर आणि मी. गावात आठ ख्रिस्ती घरं होती आणि त्यांचं एक लहानसं चर्च होतं, मिशनच्या काळातलं. काळा दगड, वर कौलं, दारापुढे लाकडी चौकटीत टांगलेली घंटा, बाजूला लिंबाचं झाड. भावानं दिलेला एक जुना कॅमेरा माझ्याकडे होता. सुट्टीच्या दिवशी करायला दुसरं काही नसायचं, म्हणून मी गावाचे आणि त्या चर्चचे फोटो काढत राहिले.

त्यातला एक फोटो पुढे एका कॅलेंडरवर छापून आला. सकाळचं तिरपं ऊन, चर्चचं अर्धं उघडं दार, दारात खराटा घेऊन उभी असलेली एक तरुण बाई, पुढून चाललेली बैलगाडी. बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती उजवीकडे, लांब कुठेतरी बघते आहे. त्या नजरेचं लोकांनी फार कौतुक केलं. बदली होऊन मी कराडला परतले, लग्न झालं, मुलं झाली, निवृत्त झाले, आणि एवढ्या वर्षांत घरी येणाऱ्या प्रत्येकानं तो फोटो बघून म्हटलं, किती शांत गाव आहे हो. मीही मान डोलवत आले.

मागच्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर एक गट केला आणि मलाही त्यात घेतलं. मी हौसेनं तो फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी शमुवेलचा फोन आला. तो तिसरीत माझ्या वर्गात होता. कॅलेंडरवरची ती बाई म्हणजे त्याची आई, रूथाबाई. त्याने विचारलं, बाई, तेव्हाचे अजून फोटो असतील का तुमच्याकडं? असतील तेवढे घेऊन या, जल्दी या. वडील आजारी आहेत एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला जुने दिवस बघायचे असतील. मी सगळ्या नेगेटिव्ह काढल्या, चांगले छत्तीस फोटो मोठे करून घेतले आणि जानेवारीत निघाले.

सोमवार, नवीन जालना

शमुवेल स्टेशनवर रिक्षा घेऊन उभा होता. रिक्षा त्याची स्वतःची. कानाजवळचे केस पांढरे झालेले, पण हसताना तोच तिसरीतला चेहरा. स्टेशनबाहेर बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, बँका, अडतीची दुकानं. मी इथे पहिल्यांदा उतरले तेव्हा टांगे होते. वाटेत मी मोसंबी घेतली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही ही रीत दोन्हीकडची सारखीच.

बाजारामागे दोन खोल्या. खिडकीशी खाटेवर योहानभाऊ पडून होते. हे शमुवेलचे वडील; पूर्वी चर्चची घंटा वाजवायचे, लोकांच्या वावरात कामाला जायचे आणि त्यांच्या समाजात कोणी गेलं की खड्डाही तेच खणायचे. आता अंगावर नुसतं कातडं उरलं होतं. किडन्या गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मला त्यांनी ओळखलं. हात उचलायचा प्रयत्न केला, तो चादरीवरच राहिला.

चहा झाला. रूथाबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि फोटोंचं पाकीट मांडीवर घेतलं. माझ्यापेक्षा त्या तीन-चार वर्षांनीच मोठ्या, पण फार थकल्या होत्या. मी शेजारी सरकून बसले, हा कोण तो कोण सांगायच्या तयारीने. पण लोक जुने फोटो बघतात तसं त्या बघतच नव्हत्या. चेहऱ्यांवर त्यांची नजर ठरत नव्हती. प्रत्येक फोटोच्या उजव्या कडेला अंगठा लावून त्या तिथेच बारकाईने बघायच्या आणि तो खाली ठेवून पुढचा घ्यायच्या. छत्तीस फोटो संपले. त्यांनी पाकिटात हात घालून बघितलं.

"ह्याच्यात कबरा न्हाईत," त्या शमुवेलला म्हणाल्या.

मग शमुवेलने सगळं सांगितलं. चर्चच्या उजव्या अंगाला त्यांची दफनभूमी होती. जमीन कागदावर गावच्या एका जुन्या शेतकरी घराण्याची. त्या घरच्या आजोबांनी ती मिशनला तोंडी दिलेली, कागद कधी झालाच नाही. पुढे ख्रिस्ती घरं एकेक करून कामाधंद्याला जालन्याला, पुण्याला गेली. शेवटचं घर शमुवेलचंच. ते निघाल्यावर चार सालाखाली जमिनीच्या मालकाने जेसीबी लावून सगळं सपाट केलं आणि पेरलं. आता योहानभाऊंची एकच मागणी होती, मला गावात पुरा, पोरीजवळ. शमुवेलने तहसीलला अर्ज केला होता. शुक्रवारी तिथले साहेब वावरात येऊन पंचनामा करणार होते. तिथे कबरी होत्या याचा काहीतरी पुरावा हवा होता, आणि त्यांच्या घरात कोणाकडेही एक फोटो नव्हता.

मी म्हणाले, माझ्या फोटोंत कशा नाहीत, मी तर सगळीकडून चर्च काढलंय. आणि बोलता बोलताच माझा आवाज खाली गेला.

रूथाबाईंनी कॅलेंडरवरचा फोटो शोधून माझ्यापुढे धरला. "बाई, ह्याच्यात मी कुठं पाहून राह्यले, सांगा."

मला ते माहीत होतं. इतकी वर्षं मी ते स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"एस्तेरकडं," त्या म्हणाल्या.

एस्तेर म्हणजे शमुवेलची धाकटी बहीण. पाच वर्षांची होती. पुढच्या वर्षी पहिलीत येणार म्हणून आधीच शाळेच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. माझ्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, तिला हगवण लागली. नदीला पूर होता, गाडी पलीकडे जाईना, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. खड्डा योहानभाऊंनी स्वतः खणला. मी शाळेतली सगळी पोरं घेऊन मातीला गेले होते.

तो फोटो त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी काढलेला. ऊन फार सुरेख पडलं होतं. मी कॅमेरा लावला तेव्हा रूथाबाई एस्तेरच्या कबरीशी बसल्या होत्या. मातीचा ढीग अजून नवा होता, वर काटे टाकलेले होते, आणि तो फोटोत येत होता. फोटो बिघडत होता. मी दोन पावलं डावीकडे सरकले. मग चित्र रिकामं वाटायला लागलं, म्हणून मी त्यांना हाक मारली, रूथाबाई, जरा दाराशी येऊन उभ्या राहता का, हातात खराटा घ्या. त्या उठल्या आणि आल्या. बाईंनी सांगितलं म्हणून आल्या. फक्त मान तेवढी त्यांनी माझ्याकडे वळवली नाही.

मी त्यांना म्हणाले, माझं चुकलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्ही लहान व्हत्या बाई तव्हा," त्या म्हणाल्या, आणि मोसंबी सोलायला घेतली.

बुधवार, राजूरवरून हिवरखेडी

मंगळवार मी स्टेशनजवळच्या लॉजवर काढला. भावाच्या घरी माळ्यावर काही फोटो आहेत का, हे फोनवर विचारत बसले. नव्हते. बुधवारी सकाळी एसटीत बसले. शमुवेल आला नाही. तो म्हणाला, मी संगं आलो तं ते लोक तुमच्याशी बोलणार न्हाईत.

वावर ज्याने सपाट केलं तो दत्ता. तोही माझाच विद्यार्थी, शमुवेलच्या एक वर्ष पुढचा, वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. आता गावचा उपसरपंच. माझं ऐकेल अशी मला आशा होती.

राजूरला गाडी बराच वेळ थांबली. टेकडीवरच्या गणपतीला त्या दिवशी काही विशेष नव्हतं, तरी नारळ-फुलांची दुकानं भरलेली होती. तिथून चढलेल्या एका बाईंनी न विचारता माझ्या हातावर पेढा ठेवला. सुनेला पहिल्यांदाच दिवस गेले होते. आमच्याकडे आता पोरांना शिकवतात, एसटीत परक्याकडून काही घ्यायचं नाही. इथे घेतला नसता तर त्या बाईंना वाईट वाटलं असतं. मी खाल्ला. मी कुठे निघाले हे त्यांनी विचारलं. चर्च बघायला, असं मी सांगितलं. तिकडं चर्च हाये का, असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

जाफराबादला उतरून पुढे जीप. दोन्ही बाजूंना वेचणी उरकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, बोंडांना चिकटलेला मळका कापूस, मधे हरभरा आणि गहू. थंडी कोरडी होती. मोटरसायकलवरच्या माणसांनी डोक्याला मफलर गुंडाळले होते. फाट्यावर जीपमधून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. गाव तिथून दीड-दोन किलोमीटर. पानटपरीवाल्याने सुतळी दिली, ती चपलेला बांधून मी चालत निघाले. दर शंभर पावलांवर गाठ सुटायची.

चर्च जागेवर होतं. एका बाजूची कौलं जाऊन तिथे पत्रे आले होते. भिंतीवर बोअरवेलची जाहिरात रंगवलेली. घंटेची लाकडी चौकट उभी होती, घंटा नव्हती. लिंबाचं झाड वाढून दारावर आलं होतं. दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून आत बघितलं तर तुराट्यांच्या पेंढ्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि एक फवारणीचा पंप. त्याच जागी पूर्वी रविवारी सतरंज्या अंथरायचे आणि पेटीवर भजनं व्हायची. मला ख्रिस्ती भजनं ओव्यांच्या चालीत ऐकायला पहिल्यांदा मिळाली ती तिथे.

उजव्या अंगाला सलग हरभरा होता, घोट्याच्या वर आलेला, हिरवागार. मी बांधाने चालत गेले. बांधाच्या टोकाला दगडांचा ढीग होता. एकेक दगड उलटून बघितला. कशावर काही नव्हतं. त्या कबरींवर नावाचे दगड कधी नव्हतेच, लाकडाचे क्रॉस होते. एस्तेरची कबर कुठे असेल याचा अंदाज करायला मी लिंबाकडे पाठ करून उभी राहिले, आणि तेवढ्यात मागून मोटरसायकल थांबली.

दत्ता होता. उतरून त्याने पाय धरले. केस विरळ झालेले, आवाज मोठा झालेला. का आलात म्हणून विचारलं नाही. जेवल्याबिगर जाऊ देणार न्हाई म्हणाला.

त्याच्या घरी समोरच्या खोलीत कॅलेंडरचा तो फोटो काच लावून टांगलेला होता. बैलगाडी त्याच्या आजोबांची. आल्यागेल्याला तो फोटो दाखवतो आणि आमच्या बाईंनी काढला म्हणून सांगतो, असं तो म्हणाला. त्याची बायको सुमन बाहेर आली. तिने माझ्या पायाकडे बघितलं आणि आतून स्वतःची चप्पल आणून पुढे ठेवली. "ही घाला बाई. तशा चालल्या तं पाय सोलल."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी, ठेचा आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. आमच्याकडे कराडला ही भाजी डाळीच्या पिठात दाटसर करतात. इथे नुसती लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून परतलेली. फार चांगली झाली होती. हे लिहायला मला जड जातं, पण झाली होती. मी तसं म्हणाले. सुमन खुश झाली आणि तिने आणखी वाढली.

"कबरीच्या वावरातली हाये बाई," ती म्हणाली. "तिथला पाला लई कवळा येतो."

दत्ताचा हात ताटातच थांबला. "पाणी आन," तो तिला म्हणाला. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. ती आत गेली आणि मी निघेपर्यंत परत बाहेर आली नाही. माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला.

हात धुतल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. दत्ता चिडला नाही. त्याचं म्हणणं त्याने नीट मांडलं. सातबारा आजोबांच्या नावाचा. दोघे भाऊ, वाटणीला जमीन थोडी, आणि तिच्यातला हाच तुकडा पाण्याजवळचा. ते लोक गाव सोडून गेले, सणाला दिवा लावायलासुद्धा कोणी येत नव्हतं, किती वर्षं रान मोकळं ठेवायचं. आज एक मढं पुरू दिलं तर वावर कायमचं गेलं. मी म्हणाले, जे आहेत त्यांच्यावरून नांगर फिरवलास त्याचं काय.

मग मी विचारलं, "दत्ता, एस्तेरच्या मातीला तू होतास. माझा हात धरून उभा होतास. आठवतं का?"

"आठवतं ना बाई. मी आल्तो," तो म्हणाला. "तुमच्यापुढं मी न्हाई म्हणत न्हाई. साहेबांपुढं म्हणीन."

आणि मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. शुक्रवारी तो हाच फोटो पंचनाम्याला देणार होता. त्या काळातला, कॅलेंडरवर छापलेला, गावच्या शिक्षिकेने काढलेला. "ह्याच्यात चर्च हाये, लिंब हाये, आमची गाडी हाये. कबर कुठं हाये ते दाखवा म्हणीन."

त्याने मला फाट्यापर्यंत मोटरसायकलवर सोडलं. माझ्या पायात सुमनची चप्पल तशीच होती. उतरताना त्याने परत पाय धरले.

शुक्रवार, वावरात

त्या दिवशी शमुवेलने रिक्षा घरी ठेवली आणि एका मित्राच्या गाडीतून आम्ही गेलो. साहेब दुपारच्या आधी आले. पन्नाशीचे, थकलेले, सभ्य गृहस्थ. गावातली पंधरा-वीस माणसं बांधावर जमली होती. दोन-तीन बायाही होत्या. त्यांत कमरेवर पाण्याची कळशी घेऊन सुमन. शमुवेल पिकात उतरला नाही. सगळे आत गेले तरी तो बांधावरच थांबला. मी मागे वळून बघितलं तर त्याने पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या.

दत्ताने फोटो दिला. काच काढून, पाकिटात घालून आणला होता. साहेबांनी तो उन्हात धरला, चर्चकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. फोटो सुंदर आहे, असं ते म्हणाले.

मी पुढे होऊन सांगितलं की तो मी काढलाय. मग जे सोमवारी रूथाबाईंपुढे आठवलं ते सगळं सांगितलं. मी कुठे उभी होते, का सरकले, दारातली बाई आधी कुठे बसली होती. त्या जागी जाऊन दोन पावलं उजवीकडे टाकून दाखवली. बांधावरची माणसं ऐकत होती; त्यांतले निम्मे माझ्या हाताखाली शिकलेले. कोणी वर बघत नव्हतं.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. कबर दिसेल असा एखादा फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. दुसरं काही सांगायचंय का, असं विचारलं.

मी म्हणाले, "गावात या जागेला कबरीचं वावर म्हणतात."

"कोण म्हणतं?"

मी सुमनकडे बघितलं नाही. पण ती कुठे उभी आहे हे मला बरोबर माहीत होतं. कळशी तिने एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली तो आवाज मी ऐकला. तिला संध्याकाळी त्याच घरात चूल पेटवायची होती. साहेबांनी परत विचारलं, तुम्ही कोणाकडून ऐकलं? मी म्हणाले, ऐकलंय. त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं, या वावराला असं नाव आहे का. कोणी बोललं नाही. एक म्हातारा खोकला. साहेबांनी लिहिलं की हजर लोकांपैकी कोणी दुजोरा दिला नाही, आणि खाली माझी सही घेतली.

मी तिचं नाव घेतलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. योहानभाऊंना साडेतीन हात जागा हवी होती आणि ती कदाचित एका नावाने मिळाली असती. गाडीत बसल्यावर मी शमुवेलला खरं काय ते सांगून टाकलं. राजूर गेल्यावर तो म्हणाला, "तिचं बी बराबर न्हाई झालं असतं, बाई." एवढंच. त्यात माफी होती की नव्हती, मला कळलं नाही.

निघण्याआधी मी सुमनची चप्पल परत केली होती. जालन्यात नवी घेऊन तिची पिशवीत आणली होती. तिने मान वर न करता ती घेतली, आणि तिथल्या तिथे पायातली जुनी काढून ती घातली.

निकालासाठी ताटकळावं लागलं नाही. मी कराडला परत आल्यावर दोन आठवड्यांत शमुवेलचा फोन आला. त्या जागी दफनभूमी असल्याचा पुरावा आढळून येत नाही, असं लिहून आलं होतं. तोवर त्याचा उपयोगही उरला नव्हता.

रविवार, जालना

शनिवारचं माझं परतीचं तिकीट होतं. पहाटे शमुवेलचा फोन आला, दादा गेले. वडिलांना तो दादा म्हणायचा. मी तिकीट फाडलं आणि गेले.

रविवारी दुपारी शहरातल्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. जागा कमी, कबरी एकमेकींना लागून, मधून चालताना पाय कुठे ठेवावा कळत नाही. भिंतीपलीकडे मोटरसायकलींचे हॉर्न. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, चार बायांनी गीत म्हटलं. खड्डा खणणारे दोघे पगारी होते, त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. योहानभाऊंनी आयुष्यभर जी माती ओढली ती अशी घाईने नव्हे. मूठभर माती टाकताना मला एस्तेरच्या वेळचं आठवलं. तेव्हा ते खड्ड्यात उतरून तळ हाताने सारखा करत होते आणि वर यायला तयार नव्हते.

रूथाबाई रडल्या नाहीत. घरी आल्यावर शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. आमच्याकडे तिसऱ्या दिवसापर्यंत घरात चूल पेटत नाही. इथेही तसंच, फक्त शेजारी ख्रिस्तीही होते, बौद्धही आणि मुसलमानही, आणि प्रत्येकीने आपल्या घरचं काहीतरी आणलं होतं. रूथाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"पोरगी तिकडं एकली राह्यली," त्या म्हणाल्या.

मी शेजारी बसून होते. त्यांनी मला विचारलं, बाई, तुम्ही आमच्या पोरांना चित्रकला शिकवायच्या ना? मग एक काढून द्या. मी सांगते तसं काढा.

माझ्या पिशवीत वही होती. मधलं जोडपान सोडवलं. त्यांनी आधी चर्च काढायला लावलं, मग लिंब, मग बांध. मग एकेक कबर. कुठे तिरपी, कुठे सरळ, कोणाच्या उशाला काय होतं, सगळं त्यांना पाठ होतं. सासरे, सासू, सासऱ्यांचे भाऊ, बाळंतपणात गेलेली एक जाऊ, तिचं बाळ तिच्याचजवळ. एका पाळकांची बायको, जिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तिथे त्यांनी "पाळकीणबाई" लिहायला सांगितलं. मी आयत काढत गेले, आत नावं लिहीत गेले. एकदा मी एक कबर चुकून चर्चच्या फार जवळ काढली. त्यांनी बोट ठेवून खोडायला लावलं आणि परत काढून घेतली. अकरा झाल्या. शमुवेल दारात उभा राहून बघत होता. अशा कागदाला कुठल्याही कचेरीत किंमत नसते हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"आता एस्तेर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. लिंबाच्या बाजूला, बांधाच्या अलीकडे, एक लहान आयत त्यांनी स्वतः काढला. रेघा वाकड्या आल्या. आत एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. मला वाटलं, झालं. पण पेन्सिल त्यांनी परत दिली नाही. त्या आयताला अगदी लागून त्यांनी दुसरा काढला, मोठा, आणि त्यात योहान असं लिहिलं.

ते तिथे नाहीत, हे मी म्हणाले नाही. शमुवेलही म्हणाला नाही.

रूथाबाईंनी कागद हातभर लांब धरून बघितला.

"आता बराबर झालं," त्या म्हणाल्या.